सहा दिवसांचं अंदमान: आराखडा परतीच्या विमानापासून मागे लिहा

पुण्याहून अंदमानला जाणाऱ्यांच्या हातात बहुधा पाच रात्री आणि सहा दिवस असतात. तेवढ्यात स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली बुडी), स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं), रात्रीचं कयाकिंग (वल्ह्याच्या छोट्या होडीतली फेरी), दोन बेटं आणि सेल्युलर जेल एवढं सगळं बसतं. मात्र त्यासाठी आराखडा उलटा लिहावा लागतो. आधी परतीचं विमान, मग त्याच्या आदल्या रात्रीचा मुक्काम, मग शेवटची बोट, मग स्कूबा आणि सगळ्यात शेवटी पहिला दिवस. सुलट लिहिलेल्या आराखड्यात स्कूबा आणि बोट हमखास शेवटच्या दोन दिवसांत येऊन पडतात, आणि सहल बिघडवणारे हेच दोन दिवस.

तीन गोष्टी, ज्यांना हात लावायचा नाही

पहिली. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच हवा. हॅवलॉक किंवा नील या बेटांहून त्याच दिवशी सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडू, असा बेत करू नका. वारा वाढला की बोटी रद्द होतात, आणि ते कित्येकदा जेटीवर पोचल्यावरच कळतं. बोटीचे पैसे परत मिळतात, चुकलेल्या विमानाचे कुणी देत नाही.

दुसरी. स्कूबा आणि विमान यांच्यात पुरेसं अंतर हवं. पाण्याखाली दाबाची हवा घेतल्यावर शरीरात नायट्रोजन विरघळलेला राहतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे हा वायू बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येऊ शकतो. सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत त्याचे परिणाम होऊ शकतात. एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्या असतील तर किमान १८ तास, अशी डायव्हिंगमधली सर्वमान्य मर्यादा आहे. तुम्ही सरळ २४ तास धरा. स्कूबा मधल्या दिवसांत ठेवला की हा हिशेब करावाच लागत नाही.

तिसरी. अंदमानात दिवस पहाटे सुरू होतो. पुणे आणि पोर्ट ब्लेअर यांच्या रेखांशांत सुमारे १९ अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबात सव्वा तासाचा. घड्याळ मात्र एकच. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेपाचला अंधार पडतो. ‘आरामात नाश्ता करून दहाला निघू’ म्हणणाऱ्याचा अर्धा दिवस तिथेच संपतो. बुडी, स्नॉर्केलिंग, बोटी, सगळी चांगली कामं सकाळी सहा ते अकरात होतात. सकाळी वारा कमी असतो आणि पाणी स्वच्छ दिसतं.

कधी जायचं

जानेवारी ते एप्रिल सगळ्यात भरवशाचा काळ. मुलांच्या परीक्षा संपल्यावरचा एप्रिल उत्तम: उकाडा असतो, पण समुद्र शांत. मेच्या सुट्टीत जायचं तर पहिल्या पंधरवड्यातच जाऊन या. नैऋत्य मोसमी पाऊस देशात सगळ्यात आधी अंदमानात पोचतो, बहुधा मेच्या तिसऱ्या आठवड्यात. दिवाळीची सुट्टी पुणेकरांना सोयीची असली तरी बंगालच्या उपसागरात वादळं होण्याचा तोच हंगाम, आणि परतीचा पाऊसही अंदमानला झोडपतो. दिवाळीतच जायचं असेल तर एक दिवस राखीव म्हणून वाढवा. ते जमत नसेल तर नीलचा बेत सोडा.

महिना ठरला की तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, प्रवाह जोराचे असतात आणि पाणी गढूळ होतं. अष्टमी-नवमीला भांगाची भरती, तेव्हा पाणी त्या मानाने शांत. शिवाय कृष्ण अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्रीच्या पुढे उगवतो, त्यामुळे संध्याकाळ गडद काळोखी मिळते. पाण्यातले सूक्ष्मजीव चमकताना बघायचे तर असाच काळोख लागतो. म्हणून हॅवलॉकचे दोन दिवस कृष्ण अष्टमी ते दशमीत बसले तर स्कूबा आणि रात्रीचं कयाकिंग दोन्ही साधतात. शुक्ल पक्षाच्या शेवटी गेलात तर कयाकिंगचे पैसे फुकट. चांदण्यात ती चमक जवळजवळ दिसतच नाही.

एका बाबतीत मात्र ही तिथी गैरसोयीची. नीलचा नैसर्गिक खडकाचा पूल ओहोटीतच नीट बघता येतो, आणि भांगाच्या ओहोटीत खडक तितके उघडे पडत नाहीत. आमच्या मते स्कूबा आणि कयाकिंगला झुकतं माप द्यावं. ओहोटीची वेळ काढायला कोकणातला ‘तिथीची पाऊणपट’ हा हिशेब इथे चालत नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याची चंद्रामागे रेंगाळण्याची वेळ वेगळी असते. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि लक्षात ठेवा की ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते.

तिकिटं

नावांचा गोंधळ आधी मिटवू. २०१८ साली हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम झालं. तिकिटावर यांतलं कुठलंही नाव येऊ शकतं, बोलताना सगळे जुनीच वापरतात. विमानतळाचा कोड आयएक्सझेड.

पुण्याहून जाताना बहुधा चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद किंवा कोलकात्याला विमान बदलावं लागतं. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर सव्वादोन तासांच्या आसपास. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं हजार-पंधराशे रुपयांनी स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी नसते, आणि सामानही बाहेर काढून पुन्हा द्यावं लागतं. स्वतंत्र तिकिटं घ्यायचीच असतील तर मधे किमान पाच तास ठेवा. पुण्याहून रात्री उशिराचं विमान घेऊन सकाळी पोर्ट ब्लेअरला उतरणं उत्तम. झोप मोडते, पण पहिला दिवस हाती लागतो.

विमान पक्कं झालं की लगेच बोटी. हॉटेल नंतरही मिळतं, हंगामात बोटीची जागा मिळत नाही. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खाजगी बोटीने दीड ते दोन तास, सरकारी बोटीने अडीच तासांच्या आसपास. हॅवलॉक ते नील साधारण तास. खाजगी बोटी वातानुकूलित आणि बंदिस्त असतात. सरकारी बोट संथ आणि स्वस्त, तिच्या डेकवर उभं राहता येतं, पण तिकिटाची खात्री कमी. थोडक्या दिवसांत खाजगीच घ्या. आणि जेटी तपासा: पोर्ट ब्लेअरला खाजगी बोटी हॅडो जेटीवरून सुटतात, सरकारी फिनिक्स बे जेटीवरून. बोटीच्या वेळेआधी तासभर पोचा. आधार कार्ड मूळ हवं.

बोट लागणाऱ्यांनी मागच्या बाजूची, मधल्या रांगेतली जागा घ्यावी. पुढचं टोक सर्वांत जास्त आपटतं. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घेतली तरच उपयोगी पडते. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. मात्र प्रोमेथाझिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून बुडीच्या सकाळी त्या घेऊ नका. बोटीच्या दिवशी घ्या आणि डॉक्टरांना आधी विचारा.

पुण्यात करायची तयारी

ही तयारी बहुतेक जण टाळतात आणि तिथे जाऊन अडकतात.

आधी कान. ताम्हिणी घाट उतरताना कान बंद होतात, मग आवंढा गिळला की उघडतात, हे सगळ्यांना माहीत आहे. अख्खा घाट उतरताना हवेच्या दाबात सात-आठ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. समुद्रात पहिल्या एका मीटरलाच दहा टक्के पडतो, तोही काही सेकंदांत. म्हणून घाटात ज्यांचे कान तासन्‌तास दडे बसल्यासारखे राहतात त्यांनी स्कूबाचे पैसे भरण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. कानात मळ असेल तर निघण्याच्या दोन आठवडे आधी काढून घ्या, आदल्या दिवशी नको. सर्दी असेल तर बुडी रद्दच. नाक मोकळं करणाऱ्या औषधाच्या जोरावर खाली गेलात आणि पाण्यातच त्याचा असर संपला, तर वर येताना कानात किंवा सायनसमध्ये हवा अडकते. ते दुखणं भयंकर असतं.

दमा, हृदयविकार, फिट्स, मधुमेह, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर डाइव्ह सेंटरचा वैद्यकीय फॉर्म इथूनच मागवून घ्या. एखाद्या प्रश्नाला ‘हो’ उत्तर असेल तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती हॅवलॉकच्या किनाऱ्यावर मिळवणं अवघड. फॉर्मवर खोटं लिहू नका. दम्याच्या माणसाच्या फुप्फुसात हवा अडकणं ही वर येतानाची जिवावरची गोष्ट आहे.

मग पोहण्याचा तलाव. पहिल्या बुडीसाठी पोहता येण्याची सक्ती नसते, पण पाण्याची भीती मोडलेली हवी. निघण्याआधी चार आठवडे, आठवड्यातून तीनदा घराजवळच्या तलावावर जा. लांब अंतर मारायची गरज नाही. तोंड पाण्यात घालून नाकाने अजिबात श्वास न घेता फक्त तोंडाने श्वास घ्यायची सवय करा. जीवरक्षकाने परवानगी दिली तर मास्क आणि स्नॉर्केल लावून. नवख्या माणसाची घाबरगुंडी उडते ती इथेच: मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरतं, तो नाकाने ओढतो आणि धडपडत वर येतो. पंधरा मिनिटं शांतपणे तोंडाने श्वास घेता आला की तुमची तयारी झाली.

मास्क विकत घेणार असाल तर सिलिकॉनचा आणि टेम्पर्ड काचेचा घ्या, आणि दुकानात हे करून बघा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेका, केस बाजूला करा, नाकाने हलकेच हवा आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर बसतो, पडला तर दुसरा बघा. दाट मिशी असेल तर वरच्या ओठावर व्हॅसलिनचा पातळ थर द्या, गळती बरीच थांबते. चष्मेवाल्यांनी डाइव्ह सेंटरला नंबर आधी कळवावा, नंबरचे मास्क मोजकेच असतात.

दिवसांची मांडणी

पहिला दिवस: सकाळी पोर्ट ब्लेअर, दोन तास झोप, दुपारी सेल्युलर जेल. १९०६ साली पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात पाखांपैकी (विंगांपैकी) तीनच आज उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे. १९११ ते १९२१ ते या तुरुंगात होते. तिथे घाई करू नका. खालच्या अंगणातला तेलाचा घाणा बघा, मग वर चढा आणि कोठडीत दार ओढून क्षणभर उभे राहा. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम आधी आरक्षित करा.

दुसरा दिवस: सकाळच्या बोटीने हॅवलॉक. जेटीवर उतरल्यावर स्कूटर भाड्याने घ्या, मूळ लायसन्स बरोबर हवं. टाकी लगेच भरून घ्या. राधानगर किनारा जेटीपासून १२ किलोमीटरच्या आसपास. तिथे साडेतीनपर्यंत पोचा म्हणजे पोहायला आणि सूर्यास्ताला वेळ मिळतो. मगरीचा इशारा देणारे फलक असतील तिथे पाण्यात उतरूच नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत, खास करून खाड्या आणि खारफुटीजवळ. काळोखाची तिथी असेल तर त्याच रात्री कयाकिंग. कयाक एकट्याने भाड्याने घेऊ नका, वाटाड्यासोबतच जा. कपाळावरचा टॉर्च लागला की डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला पुन्हा वीसेक मिनिटं जातात, म्हणून तो बंद ठेवा. पाण्यात हात फिरवला की बोटांभोवती निळसर ठिणग्या उठतात. फोनच्या कॅमेऱ्यात त्या येत नाहीत, बघून घ्या.

तिसरा दिवस स्कूबाचा. पहाटेची पहिली तुकडी मागा. आदल्या रात्री दारू नको, झोप पूर्ण हवी. सकाळी केळं आणि दोन ब्रेड पुरे, पाण्याआधी दीड तास. रिकाम्या पोटी गेलात तर मळमळतं, पोहे-मिसळ चापून गेलात तर त्याहून जास्त.

क्रम असा असतो: फॉर्म, अर्ध्या तासाची माहिती, छातीएवढ्या पाण्यात सराव, मग बुडी. सरावात तोंडातून रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं साधन) काढून पुन्हा लावणं, त्यातलं पाणी फुंकून बाहेर काढणं आणि मास्कमधलं पाणी नाकाने हवा सोडून घालवणं शिकवतात. जमेपर्यंत पुन्हा करायला सांगा, मागे लोक उभे आहेत म्हणून घाई करू नका. खुणा पक्क्या करा. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. छान आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ.

पहिल्या बुडीची मर्यादा १२ मीटर, वयाची किमान अट १० वर्षं. उतरताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, आणि हे कान दुखायच्या आधी, प्रत्येक अर्ध्या मीटरला. दुखायला लागल्यावर जोर लावून फुंकलं तर पडदा फाटू शकतो. दुखलं तर हाताने कानाकडे बोट दाखवा, मीटरभर वर या, पुन्हा करा. आणि वर येताना श्वास कधीच रोखायचा नाही. १० मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा घेते. तिला बाहेर जायला वाट हवी. सतत श्वास चालू ठेवणं हा स्कूबाचा पहिला नियम आहे.

सेंटर निवडताना तीन प्रश्न विचारा: एका प्रशिक्षकाकडे किती जण (नवख्याला एकास एकच हवा), बोटीवर प्राणवायूचा सिलिंडर आहे का, आणि हवा खराब असेल तर पैसे परत की दुसरी तारीख? या तिन्हींची उत्तरं टाळणाऱ्याकडे जाऊ नका. व्हिडिओ फुकट आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा.

घरात कुणाला कानाचा त्रास असेल तर ‘स्कूबा नको, सी-वॉक करू’ हा पर्याय नव्हे. हेल्मेट घालून पाच-सात मीटरवर चालतानाही कानावर तोच दाब येतो. अशांसाठी पृष्ठभागावरचं स्नॉर्केलिंग.

बुडीनंतर दुपारी भरपूर पाणी आणि झोप. हवा बिघडून बुडी हुकली तर चौथ्या सकाळी घ्या, विमानापर्यंत ४८ तास तरीही उरतात.

चौथा दिवस: सकाळी एलिफंट बीच. जेटीवरून बोटीने जाता येतं किंवा राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातून दोनेक किलोमीटर चालत. वाट शेवटी चिखलाची आहे, चपला अडकून राहतात. मागे पट्टा असलेले पाण्यातले बूट घाला. स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर उभं राहू नका. तो दगड नसून जिवंत प्राण्यांची वसाहत आहे आणि तुमच्या टाचेने मरते. शिवाय त्याच्या बारीक ओरखड्याची जखम दमट हवेत दिवसचे दिवस चिघळते. दुपारच्या बोटीने नील.

पाचवा दिवस: सीतापूर किनाऱ्यावर सूर्योदय, म्हणजे साडेचार-पाचला उठणं. ओहोटीच्या वेळेनुसार नैसर्गिक पूल आणि भरतपूर किनारा यांचा क्रम लावा. पुलाच्या वाटेवर खडकांच्या डबक्यांत समुद्री काकड्या, खेकडे दिसतात, पण शेवाळावरून माणसं सर्रास घसरतात. दुपारची बोट पकडून पोर्ट ब्लेअर. सहाव्या दिवशी विमान.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा या यादीत मुद्दाम नाहीत. पहाटे तीनला निघून जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्यासोबत जावं लागतं आणि अख्खा दिवस जातो. सहा दिवसांत तो घालवू नये. शिवाय त्या रस्त्यावर काही जण जारवांना बघायला म्हणूनच जातात, आणि ते आम्हाला अजिबात पटत नाही.

बॅग

चेक-इनला बहुधा १५ किलो, केबिनला ७. पोहण्याचे कपडे दोन जोड हवेत, दमट हवेत रात्रभरात काहीही वाळत नाही. लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट) सनस्क्रीनपेक्षा जास्त कामाचा: स्नॉर्केलिंग करताना पाठ तासभर उन्हात असते आणि पाण्यामुळे भाजल्याचं कळत नाही. १० लिटरची ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी), पाण्यातले बूट, ओआरएस. संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूमाशा चावतात, पायांना खोबरेल तेल चोपडलं की बरंच निभावतं. पॉवर बँक केबिन बॅगेतच. लहान बेटांवर एटीएम मोजकी, म्हणून रोख बाळगा. शाकाहारी जेवण मिळतं, पण पहाटेच्या बोटींना खाकरा, चिवडा आणि गुळपापडीची वडी हाताशी असलेली बरी.

शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे बॅगेत टाकू नका, मुलांच्या खिशातही बघा. किनाऱ्यावर पडलेलं मेलेलं प्रवाळही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. विमानतळावरच्या तपासणीत ते सापडलं की जप्त होतं आणि कारवाईही होऊ शकते.

बोट रद्द झाली तर

हॅवलॉकला जाणारी बोट दुसऱ्या दिवशी रद्द झाली, तर आधी डाइव्ह सेंटरला फोन करून बुडी चौथ्या दिवसावर ढकला, मग नीलचं हॉटेल आणि बोट सोडा आणि हॅवलॉकची एक रात्र वाढवा. म्हणूनच नीलचं हॉटेल पैसे परत मिळतील अशा अटीवर घ्यायचं. त्या दिवशी पोर्ट ब्लेअरमध्ये रॉस बेट आणि नॉर्थ बेची छोटी बोट सुरू आहे का ते बघा. खुला समुद्र खवळलेला असताना बहुधा तीही बंद असते, मग चॅथमची जुनी सरकारी लाकूड गिरणी बघून या. चौथ्या दिवशी नीलची बोट रद्द झाली तर नीलच्या मागे लागू नका. त्याच जेटीवर उभं राहून पाचव्या दिवसाची, हॅवलॉकहून थेट पोर्ट ब्लेअरला जाणारी पहिली बोट आरक्षित करा, सरकारी मिळाली तरी चालेल.